मनगटाची फिल्म

१२ मार्च

ताई,

अक्षर ओळखलं असशीलच. ओळखूनही पाकीट केरात टाकलं नाहीस आणि इथवर वाचत आलीस, एवढ्यावरच मी खूश आहे. पत्ता आईनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तीन दिवस तिच्या शिलाई मशीनपाशी ठाण मांडून बसले होते, शेवटी वैतागून तिनं लिहून दिला. फोन तू चार वर्षांत एकदाही उचलला नाहीस. पत्र निदान मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण मला आवाज ऐकू येत नाही.

बातमी आधी सांगते. परवाच्या रविवारी आमच्या मोटरसायकल शर्यतींच्या हंगामाची पहिली फेरी झाली. एक शर्यत जिंकले, दुसरीत दुसरी आले. तेहतिसाव्या वर्षी! पेपरात छापून आलंय, 'अनुभवी रायडर'. अनुभवी म्हणजे म्हातारी, एवढं मला कळतं. यंदाही आठ फेऱ्या, महिन्याला एक, प्रत्येक फेरीत दोन शर्यती. पहिलीला पंचवीस गुण, दुसरीला बावीस. तुला हे सगळं पाठ होतं, पण चार वर्षांत विसरली असलीस तर म्हणून लिहिते.

दुसरी शर्यत जिंकली ती वीस वर्षांच्या एका मुलीनं. सगळे तिला बारकी म्हणतात. गाडीवर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून सुरुवातीच्या गेटपाशी पायाखाली लाकडी ठोकळा घेऊन उभी राहते. गेट पडलं की ठोकळा मागे आणि ही पुढे. पहिल्या वळणावर मला दिसला तो फक्त तिच्या मागच्या चाकाचा चिखल. गॉगलवरचे प्लास्टिकचे पापुद्रे एकामागून एक ओढून काढत होते, तरी समोर चिखलच. मिस्त्री म्हणाला, "या पोरीला ब्रेक कुठे असतो ते कुणी दाखवलेलंच नाही." आपला मिस्त्री अजून तसाच आहे. नट पिळताना गाडीशी गोड बोलतो, माझ्याशी नाही.

तिला बघून माझी पहिली शर्यत आठवली. मी सतरा वर्षांची. आई कामावर होती म्हणून फॉर्मवर पालक म्हणून तू सही केलीस. बावीस वर्षांची पालक! उसने बूट दोन नंबर मोठे होते, तर पुढे मोजे कोंबून दिलेस. सव्वीस जणींत मी चोविसावी आले, तेही उरलेल्या दोघी पडल्या म्हणून. तू म्हणालीस, "शेवटची नाही ना आलीस? मग झालं."

त्यानंतर सोळा वर्षं. दोन गाड्या भंगारात गेल्या, तीन वेळा उपविजेती, एकदा राष्ट्रीय विजेती. हाडं किती मोडली ते मात्र तू सांग. प्रत्येकाची फिल्म तूच काढलीस. एक्स-रेच्या खोलीत मला उभं करून, काचेमागून ओरडायचीस, "श्वास रोख, भिंगरे!"

विजेती झाले त्या वर्षाबद्दल या पत्रात मी लिहिणार नाही.

आई म्हणाली, तू आता दातांच्या दवाखान्यात लोकांच्या दाढांचे एक्स-रे काढतेस. मी म्हटलं, बरंय, दाढा निदान ट्रॅकवर जाऊन परत मोडून येत नाहीत. आई हसली नाही.

तुझी,
भिंगरी


१९ मे

ताई,

उत्तराची अपेक्षा नव्हती, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला? दोन महिने पोस्टमनची वाट बघितली.

आज तिसरी फेरी झाली. बारकी माझ्यापुढे तीन गुणांनी आहे. चढावर ती गाडी अशी फेकते, की गाडी खाली यायला विसरली का काय असं वाटतं. मी वळणावर तिला गाठते, ती उडीवर मला सोडून जाते. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. हे तुला सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

आता दुसरं. दुसऱ्या शर्यतीत, ट्रॅकच्या शेवटच्या चकरेला बारकी उंचवट्यांच्या ओळीत घसरली. हँडल तिच्या हातावर आपटलं. उठली, पुन्हा बसली, दुसरी आली. शर्यत संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत मी गेले तर ती कोपऱ्यात बसून दातांनी हातमोजा ओढत होती. निघेना. हात मोज्यात मावत नव्हता. मी कात्रीनं कापून काढला.

"ताई, एक विचारू?"

ती मला ताई म्हणते. दर वेळी मी दचकते.

"विचार."

"पुढच्या फेरीआधी डॉक्टरचा दाखला मागणार. फिल्म लागणार. तुम्ही तेव्हा मोडलेल्या मनगटानं फायनल जिंकली होतीत ना? तुम्ही कसं जमवलंत?"

"मला माहीत नव्हतं. हॉस्पिटलनं चुकीची फिल्म दिली होती." चार वर्षांत हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय की तोंडातून आपोआप येतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "सगळे तसंच सांगतात. पण हाड मोडलेलं असताना माणसाला कळत नाही, असं होत नाही हो. मला आत्ता कळतंय ना."

मी म्हणाले, "उद्या सांगते."

बाहेर आले तर मिस्त्री साखळी धूत होता. म्हणाला, "बारकीचा हात गेला वाटतं. मग यंदा तुझंच." आणि ताई, मला आधी आनंद झाला. लाज नंतर वाटली. अर्धा मिनिट तरी निव्वळ आनंद होता. तिला युक्ती सांगितली तर तिचा हात कायमचा जाईल, नाही सांगितली तर ती एक फेरी मुकेल. दोन्हीकडून माझाच फायदा. असा हिशोब मला पटकन जमतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

म्हणून आज ते लिहिते, जे मार्चमध्ये टाळलं. फायनलच्या चार दिवस आधी मी सुजलेला हात घेऊन तुझ्या विभागात आले. तू फिल्म काढलीस. अंगठ्याच्या बाजूचं ते छोटं हाड दाखवलंस, त्यात केसाएवढी रेघ. म्हणालीस, "याला रक्त कमी मिळतं, लवकर जुळत नाही. बारा आठवडे. फायनल विसर." डॉक्टरांना बोलवायला तू वरच्या मजल्यावर गेलीस. तुझा संगणक उघडा होता. मागच्या वर्षीची माझी चांगल्या हाताची फिल्म मी शोधली, नवी तारीख घातली, छापली. पाच मिनिटंही लागली नाहीत. तू खाली आलीस तेव्हा मी पळालेली. ती फिल्म दाखवून दुसऱ्याच डॉक्टरचा दाखला आणला, फायनल जिंकले. शेवटच्या उडीनंतर मनगटाचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं.

पुढे चौकशी झाली. फिल्म तुझ्या लॉगिनवरून निघालेली. अकरा वर्षांची तुझी नोकरी गेली. मी तेव्हा गप्प बसले. माझी चूक एवढीच की गप्प बसले.

उद्या बारकीला काय सांगू?

भिंगरी


२५ जून

ताई,

बारकीला दुसऱ्या दिवशी सकाळी मीच उचलून हॉस्पिटलात नेलं. अक्षरशः उचलून, ती निघायला तयार नव्हती. बाहेरच्या बाकावर बसले. आतून फिल्म आली. करंगळीखालचं तळहाताचं हाड चिरलेलं. सहा आठवडे प्लास्टर. ती हमसून रडली आणि म्हणाली, "तुम्ही मात्र जिंकलात!" माझ्याकडे उत्तर होतं, ते मी दिलं नाही.

परवा चौथी फेरी. बारकी नाही म्हटल्यावर दोन्ही शर्यती मी जिंकल्या. पंचवीस आणि पंचवीस. आता मी सत्तेचाळीस गुणांनी पुढे आहे. इतकं पुढे मी आयुष्यात कधी नव्हते. ट्रॅक कोरडा, कडक, धुळीनं घसा भरलेला, आणि गाडी अशी चालत होती की मी नुसतं मनात आणावं आणि तिनं वळावं. दुसऱ्या शर्यतीत शेवटच्या दोन फेऱ्या मी एकटीच होते, मागे कुणी दिसेना. तारेपलीकडे बारकी प्लास्टरचा हात उंच करून ओरडत होती, "क्लच सोडा, ताई, क्लच सोडा!" माझ्याच विरुद्ध खेळणारी मुलगी.

मग तिचे वडील आले. ट्रक चालवतात. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, तशीच खेळली असती तर बोट कायमचं वाकडं राहिलं असतं. तुमच्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो."

तो माणूस हात सोडेना. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

ताई, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुलाच, जिला सगळं माहीत आहे. मी गप्प बसले नव्हते. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी चौकशीचे तिघं माझ्या खाटेपाशी आले. त्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी ती फिल्म समोर धरून विचारलं, "ही तुम्हाला कुणी दिली?" मी म्हणाले, "ताईनं."

एकच शब्द. विचारसुद्धा केला नाही. किंवा केला असेल, तो आधीच झालेला असेल.

तू दारात उभी होतीस. हातात माझे धुतलेले कपडे. ते तू खुर्चीवर ठेवलेस, वरचा सदरा जरा सरकला होता तो नीट केलास, आणि गेलीस. त्यानंतर मी तुला पाहिलेलं नाही. खेळाडूची फसवणूक झाली असं ठरलं, चषक माझ्याकडे राहिला. मी हारतुरे घेतले, मुलाखती दिल्या. एका मुलाखतीत तर म्हणाले, "घरच्यांचा पाठिंबा होता."

काल मी दोन पत्रं लिहिली. एक स्पर्धेच्या समितीला, एक तुझ्या जुन्या हॉस्पिटलला. सगळं लिहिलं. संगणक, तारीख, खाट, तो शब्द. नकला सोबत जोडल्या आहेत. त्यात काही राहिलं असेल तर कळव, पुन्हा लिहीन.

मिस्त्रीला आधी वाचायला दिली. त्यानं हात पुसले, चष्मा शोधला, दोनदा वाचली. मला वाटलं पाना फेकून मारतो.

"सत्तेचाळीस गुणांनी पुढे आहेस," तो म्हणाला. "चार महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? ऑक्टोबरात चषक घेतला असतास, मग लिहिलं असतंस."

"ऑक्टोबरात मी लिहिलं नसतं."

त्यानं चष्मा काढून ठेवला. मग पाकिटं बंद केली, खिशात घातली आणि स्कूटरला किक मारली. "बस मागे. पोस्टात टाकून येऊ. उद्यापर्यंत तुझा विचार बदलेल, मला माहितेयस तू."

आपण पेटीत पाकीट टाकतो ना, तेव्हा आत पडल्याचा एक बारीक आवाज येतो. तो ऐकून मला इतकी भूक लागली की मी मिस्त्रीचाही डबा खाल्ला.

भिंगरी


२० सप्टेंबर

ताई,

तुझं पाकीट आलं!

थांब, क्रमानं सांगते, नाहीतर मी वाहवत जाईन.

जुलै-ऑगस्टच्या फेऱ्यांत बारकी बरी होऊन परत आली आणि आम्ही दोघींनी एकमेकींना सोडलं नाही. एक शर्यत ती, एक मी. फरक सत्तेचाळीसचा सत्तेचाळीसच राहिला. ऑगस्टअखेर समितीनं बोलावलं. लांब टेबल, पाच माणसं, प्रत्येकासमोर माझं पत्र. एक म्हातारे गृहस्थ, पूर्वी स्वतः शर्यतीत असायचे, त्यांनी विचारलं, "कुणी तक्रार केली नव्हती. मग आता का?"

मी म्हणाले, "मला ताई म्हणणारी एक मुलगी भेटली."

त्यांना काही कळलं नसणार, पण लिहून घेतलं.

निकाल असा: चार वर्षांपूर्वीचं विजेतेपद रद्द. आपण होऊन सांगितलं म्हणून बंदी फक्त एका फेरीची, सातवीची. चषक परत न्यायला घरी गेले तर आईनं त्यात बटणं ठेवलेली. तिनं सगळी बटणं टेबलावर ओतली, चषक फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "तसंही बूड जड होतं, हलवायला त्रास व्हायचा." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांत आईनं मला असा हात लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

बाकीचं सोपं नव्हतं. हेल्मेटवाल्या कंपनीनं करार मोडला. मी साधं पांढरं हेल्मेट घेतलं. सरावाला गेले तर कुणीतरी 'खोटारडी' म्हणून ओरडलं. मिस्त्री उठायला लागला. मी म्हटलं, "बसा, बरोबर बोलतोय तो."

सातवी फेरी तारेपलीकडून बघितली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. गेट पडताना माझा उजवा हात हवेतच अ‍ॅक्सिलरेटर पिळत होता, शेजारची बाई जरा लांब सरकली. बारकीनं दोन्ही शर्यती जिंकल्या. म्हणजे आता ती तीन गुणांनी पुढे, आणि उरली आहे एकच फेरी.

बारकी माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती. त्या दिवशी शर्यतीनंतर हेल्मेट काखेत घेऊन तारेपाशी आली. "तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"तुम्हाला? तुम्ही तर ती मोठी उडी डोळे मिटून मारता."

"उडीची नाही वाटत."

ती नखानं हेल्मेटवरचा चिखल खरवडत राहिली. मग म्हणाली, "ऑक्टोबरात मी तुम्हाला सोडणार नाही." तिच्या तोंडून 'ताई' आलं नाही. पण मला बरं वाटलं.

आणि मंगळवारी तुझं पाकीट. आत चिठ्ठी, तीन ओळींची, तुझ्या त्या रिपोर्टात लिहायच्या सरळ अक्षरात: 'हॉस्पिटलचं पत्र मिळालं. शेवटच्या फेरीआधी मनगटाची फिल्म काढ, दोन बाजूंनी. मला पाठव.'

ना प्रिय, ना आशीर्वाद, ना सही. मी ती आईला वाचून दाखवली, मिस्त्रीला दाखवली, पोस्टमनलाही दाखवणार होते.

फिल्म सोबत आहे. एका तरुण टेक्निशियननं काढली. मी श्वास रोखून बसले तर म्हणाला, "हाताच्या फिल्मला श्वास रोखायचा नसतो हो." मग तू अकरा वर्षं का रोखायला लावलास?

भिंगरी


१७ ऑक्टोबर

ताई,

तुझी बस चुकू नये म्हणून तू बक्षीस समारंभाआधी निघालीस. त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. आणि शर्यतीतलंही निम्मंच माहीत असणार, कारण तू तिसऱ्या वळणाशी उभी होतीस आणि तिथून अर्धा ट्रॅक टेकाडाआड जातो. म्हणून हे पत्र. शिवाय काल तंबूत समोरासमोर बसल्यावर माझी जीभ लाकडाची झाली होती.

तुझं दुसरं उत्तर फायनलच्या तीन दिवस आधी आलं. 'हाड पूर्ण जुळलं आहे. खाली आपटताना दुखेल. तुटणार नाही.' एवढंच. मी ते पाठ केलं. तसे दोन ऑपरेशनांनंतर चार हंगाम मी याच हातावर चालवलेत, डॉक्टरांनी दर वेळी पास केलंय, पण माझा त्यांच्यावर विश्वास बसलाच नाही. फसवलेल्या डॉक्टरवर कसा बसणार? चार वर्षं मी उजव्या बाजूला पडणाऱ्या प्रत्येक उडीवर जरा आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडत आले. मिस्त्रीला माहीत होतं. तो कधी बोलला नाही.

तू येणार हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. पहिल्या शर्यतीला गेटपाशी उभी होते, शेजारी बारकी ठोकळ्यावर. तीसेक इंजिनं एकदम तापायला लागली की स्वतःच्या छातीतलंही काही ऐकू येत नाही. गेट पडलं, पहिल्या वळणावर मीच पहिली, आणि शेवटपर्यंत मीच पहिली. बारकी दुसरी. पंचवीस आणि बावीस. तीन गुणांचा फरक संपला. दोघी समान. आता दुसरी शर्यत जी जिंकेल, तिचा हंगाम.

मधल्या सुट्टीत मिस्त्री चाक बदलत होता. मान वर न करता म्हणाला, "तिसऱ्या वळणाशी तुझी बहीण उभी आहे. बघू नकोस."

मी बघितलं. निळी ओढणी, हातात पिशवी, आणि तोच उभं राहायचा प्रकार, एका पायावर भार देऊन, जणू मागे कुणाची तरी रांग लागलीय.

दुसऱ्या शर्यतीत बारकी पहिली सुटली, मी पाचवी. एकेकीला मागे टाकत चौथ्या फेरीला दुसरी झाले. पण बारकी पुढे, चार-पाच सेकंद. मिस्त्री फळ्यावर खडूनं आकडा लिहून धरत होता: चार. साडेतीन. तीन. दुपारच्या उन्हानं माती कडक झालेली, चाकांच्या खोबणी गुडघाभर खोल. माझे हात दगडासारखे झाले होते, बोटं उघडेनात. शेवटून दुसऱ्या फेरीत फळ्यावर आकडा नव्हताच. मिस्त्रीनं नुसतं लिहिलं होतं, 'जा'.

शेवटची फेरी. टेकाडामागे ती मोठी दुहेरी उडी आहे, दोन मातीचे ढीग आणि मध्ये खड्डा. एका झेपेत पार करायची. सगळ्या जणी डावीकडून मारतात, तिथं माती मऊ आहे. उजवीकडची लाइन जवळची, पण तिथं उतार कडक आणि पडल्यावर सगळा भार उजव्या मनगटावर. दिवसभरात तिकडे कुणी गेलं नव्हतं. मीही नाही.

बारकी डावीकडे वळली. मी उजवीकडे.

हवेत असताना मी अ‍ॅक्सिलरेटर आधी सोडला नाही, ताई. पहिल्यांदाच. पूर्ण पिळून धरला, आणि खाली येताना मोठ्यानं ओरडले, "दुखेल!" हेल्मेटमध्ये माझाच आवाज कानात घुमला. आपटले. दुखलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं इतकं दुखलं. आणि हात हँडलवर होता. पाच बोटं, मनगट, सगळं जागच्या जागी. अ‍ॅक्सिलरेटर उघडाच. डावीकडे मान वळवली तर बारकी माझ्या गुडघ्याशेजारी, आणि पुढच्या वळणाची आतली बाजू माझी.

तिनं शब्द पाळला, सोडलं नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यावर तिचं पुढचं चाक माझ्या बुटाला घासत होतं. झेंडा पडला तेव्हा फरक एका चाकाचा.

मी थांबले आणि गाडीवरून उतरता येईना. बारकीनंच मला उतरवलं, म्हणजे आम्ही दोघी मिळून पडलो. ती धुळीतून म्हणाली, "उजवीकडून? वेड लागलंय का तुम्हाला, ताई?"

तंबूतलं तुला माहीत आहे, पण मला एकदा लिहून काढायचंय. डॉक्टर माझं मनगट तपासत होते आणि तू आत आलीस, त्यांना "जरा सरका" म्हणालीस, आणि ते चक्क सरकले. तू अंगठ्याखालचा खळगा दाबलास.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"दुखतंय."

"मुका मार आहे. बर्फ लाव." मग हात न सोडता म्हणालीस, "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"चार वर्षं दाढा बघितल्यात मी. लोकांच्या किडक्या दाढा."

"हो."

"हॉस्पिटलनं परत बोलावलं. मी कळवलं, विभागप्रमुख करत असाल तर येते."

"मग?"

"एक तारखेपासून रुजू होतेय." आणि तू हसलीस. लगेच आवरलंस, पण मी बघितलं. मी विचारलं, श्वास का रोखायला लावायचीस, तर म्हणालीस, "तेवढा वेळ तरी तू गप्प बसावीस म्हणून." डॉक्टरसुद्धा हसले.

मग तू घड्याळ पाहिलंस आणि निघालीस. आता तू निघाल्यानंतरचं.

फळ्यांचा मंच, तीन पायऱ्या, चषक यंदा जरा लहान केलाय. आई खाली पहिल्या रांगेत, मिस्त्री तिच्या शेजारी धुतलेल्या हातांनी. ते हात मी ओळखलेच नाहीत. निवेदक उत्साही माणूस, त्याच्याकडे जुना कागद असावा. त्यानं माइकवर गर्जना केली, "आणि दुसऱ्यांदा राष्ट्रीय विजेती..."

मी त्याच्या हातातून माइक घेतला. तो बिचारा घाबरला. चार-पाच हजार माणसं असतील. माझं मनगट बर्फाच्या पट्टीत, माइक डाव्या हातात.

"दुसऱ्यांदा नाही," मी म्हणाले. "आधीचं चोरलेलं होतं. माझ्या बहिणीच्या नोकरीच्या बदल्यात घेतलेलं. तिनं काही केलं नव्हतं, सगळं मी केलं होतं. हे पहिलं."

कुणीतरी खोकलं. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तरी चाललं असतं, खरंच सांगते. मग शेजारच्या पायरीवरून बारकीनं तिचं हेल्मेट मंचाच्या फळीवर आपटायला सुरुवात केली. ठक. ठक. ठक. तिसरी आलेल्या मुलीनंही तेच सुरू केलं. खाली मिस्त्रीनं पाना काढला आणि पत्र्याच्या डब्यावर वाजवायला लागला. मग सगळं मैदान. त्या आवाजात निवेदक काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं चषक माझ्या हातात दिला आणि मी तो उजव्या हातानं वर उचलला.

तेहतिसाव्या वर्षी, ताई. पहिलं विजेतेपद.

तुझी,
भिंगरी